भर चांदण्यातल्या उल्का : देवगडच्या सड्यावरच्या नोंदी (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४)

उल्का बघायच्या तर अमावस्या गाठावी, हे खरंच आहे. पण उल्कावर्षावाच्या तारखा पृथ्वीच्या फेऱ्यावर ठरतात, चंद्र त्यांना विचारून वाढत नाही. २०२४ मध्ये मृगातला, सिंहेतला आणि मिथुनेतला, हे तिन्ही वर्षाव मोठ्या चंद्राच्या दिवसांत आले. ‘यंदा काही दिसणार नाही’ म्हणून सोडून द्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून चांदण्यातच किती हाती लागतात ते मोजायचं ठरवलं. सोबतीला नववीतला पुतण्या. पुढे ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यामुळे फसलेलंही सगळं आहे.

२२ ऑक्टोबर

मृगातला वर्षाव, म्हणजे ओरायनिड. हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेली धूळ. कोजागिरी होऊन सहा दिवस झालेले, तरी चंद्र तीन-चतुर्थांश होता आणि नेमका मृगाशेजारीच बसलेला. घरच्या खळ्यात (अंगणात) खुर्ची टाकून पहाटे तीन ते साडेचार बसले. ढग येऊन-जाऊन होते. दीड तासात दोन उल्का, त्यातली एक नक्की मृगातलीच का ते सांगता येत नाही.

चूक चंद्राची कमी, माझी जास्त. पडवीतला दिवा चालू होता, आवाठातल्या (वाडीतल्या) रस्त्यावरचा खांब थेट डोळ्यांत येत होता, आणि वेळ लिहायला मी दर वेळी मोबाईल उघडत होते. चंद्राला दोष द्यायच्या आधी हे तिन्ही दिवे काढायला हवेत.

१८ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा १५ ला झाली. आज पहाटे सिंहेतल्या उल्का बघायला पहिल्यांदाच सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर गेलो, आमच्या कलमांच्या बागेतल्या मांगराशी (बागेतल्या छोट्या घराशी). घरापासून पाखाडीने (दगडी पायवाटेने) वीस मिनिटं. चारही बाजूंना कातळ, खांब नाही, गाडी नाही.

अडीच तासांत एक. एकच! पण ती अशी गेली की दोघंही उठून उभे राहिलो. या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटरने येतात, ‘बघ’ म्हणेपर्यंत संपलेली असते. मागे धुराची बारीक रेघ दोन-तीन सेकंद राहिली. चांदण्यातही ती रेघ दिसली.

कॅमेऱ्याचं मात्र पाणी झालं. जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स. काळोख्या रात्रीच्या सवयीने २५ सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं होतं, म्हणजे दर फोटोला पडदा तेवढा वेळ उघडा. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटो दुपारी काढल्यासारखा. आभाळ निळंपांढरं, तारे नावाला. शिवाय अडीच तासांत साडेतीनशेच्या आसपास फोटो निघायला हवे होते, निघाले १७४. कारण कळलं नाही.

आणखी एक गडबड. पुतण्याला विमान दिसलं की तो ‘ती बघ’ म्हणायचा आणि मी तिकडे वळायचे. दोघांची मोजणी एकमेकांत मिसळली तर ती कुणाचीच राहत नाही. पुढच्या वेळेपासून तोंड बंद आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

२३ नोव्हेंबर

फोटो निम्मे का आले ते आज सापडलं. कॅमेऱ्यात ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू होतं. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ पडदा बंद ठेवून एक काळा फोटो मनात काढतो आणि वजा करतो. म्हणजे २५ सेकंद आभाळ, २५ सेकंद अंधार. सव्वा तास आभाळ कॅमेऱ्याने पाहिलंच नाही. बंद केलं.

एक्स्पोजरचंही नीट बसून समजून घेतलं. तारा एका जागी थांबतो, म्हणून जास्त वेळ दिला की तो उजळतो. उल्का थांबत नाही. ती एका ठिपक्यावरून क्षणात निघून जाते, तिथे तुम्ही आठ सेकंद द्या की तीस, तिचा उजेड तेवढाच नोंदला जातो. वाढतं ते फक्त पार्श्वभूमीचं चांदणं. म्हणून चांदण्यात लेन्सचं तोंड पूर्ण उघडं (माझ्याकडे एफ ३.५), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० तसाच, आणि छाटायचा तो वेळ. मी आठ सेकंदांवर आले. घाबरून आयएसओ आणि तोंड कमी केलं तर चांदण्याबरोबर उल्काही जाते.

आठ सेकंदांचे फोटो म्हणजे तासाला साडेचारशे. रॉ (कच्ची, मोठी) फाइल ठेवली तर ३२ जीबीचं कार्ड तीन तास पुरत नाही. म्हणून जेपीजी.

२९ नोव्हेंबर

अमावस्या तोंडावर. चंद्र नसताना हा सडा किती काळोखा आहे ते एकदा बघून ठेवायला गेले, नाहीतर चांदण्याने किती खाल्लं ते कळणार कसं?

पश्चिमेला समुद्रावर होड्यांचे दिवे क्षितिजभर, पार रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, आणि त्यांच्यावर फिकट उजेडाचा पट्टा. पण डोक्यावर आणि पूर्वेला आभाळ सुरेख. आभाळातल्या ठरलेल्या त्रिकोणातले तारे मोजले, तेवढे दिसले म्हणजे किती मंद ताऱ्यापर्यंत दिसतं ते तक्त्यात बघितलं, ६.१ पर्यंतचे तारे दिसत होते.

हा आकडा म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत. प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. सगळा हिशेब त्याच्यावर आहे, म्हणून जरा थांबते. मिथुनेच्या वर्षावात एक प्रत मंद गेलं की उल्कांची संख्या साधारण २.६ पट होते. उलट बघायचं तर मंदातल्या अर्ध्या प्रतीचे तारे चांदण्यात बुडाले की उल्का दीडपटीहून जास्त कमी होतात. काळोखात ६.५ पर्यंत दिसत असताना तासाला १५० उल्का दिसाव्यात असा वर्षाव असेल, तर ४.० च्या आभाळात त्याच तासाला १४ दिसतील. ३.५ च्या आभाळात आठ-नऊ, ४.५ च्या आभाळात २२. म्हणजे चांदण्यात अर्धी प्रत कशीही करून वाचवली तर निकाल बदलतो. पुढचं सगळं त्या अर्ध्या प्रतीसाठी.

५ डिसेंबर

काही काम नाही. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीकडे किनाऱ्याला लागलं, त्याचं उरलेलं मळभ आमच्याकडे. कलमांना मोहोर फुटायच्या दिवसांत असं आभाळ नकोच. सकाळपासून सगळ्यांचं लक्ष मोहोरावर. मीही उल्कांचं नाव काढलं नाही.

८ डिसेंबर

आभाळ फाटलं. आता दव. नोव्हेंबरात पहाटे तीननंतरचे सगळे फोटो धूसर होते, ते चांदण्यामुळे असं मी धरून चालले होते. मोठे करून पाहिले तर लेन्सवर दव. खुर्चीचं प्लास्टिक निथळत होतं, तर लेन्स कोरडी कशी राहील!

लेन्स किंचित ऊबदार ठेवायची, बस. पुतण्याने देवगडातून ६८ ओहमचे अर्ध्या वॅटचे आठ रेझिस्टर आणले, वीस रुपये. जुन्या यूएसबी वायरीला जोडून पट्टी केली आणि पॉवर बँकेला लावली. अर्धा तास झाला तरी गारच. वर पॉवर बँक आपोआप बंद पडत होती. आधी वाटलं पॉवर बँक गेली, ती बदलून दुसरी लावली, तेच. मग कागदावर मांडलं. आठही रेझिस्टर आम्ही एकापुढे एक माळेसारखे जोडले होते. ५४४ ओहम. पाच व्होल्टला जेमतेम नऊ मिलिअँपिअर. पॉवर बँकेला वाटत होतं काही जोडलेलंच नाही.

सगळे सोडवून समांतर जोडले : साडेआठ ओहम, तीन वॅटच्या आसपास, एकेका रेझिस्टरवर ०.३७ वॅट, म्हणजे त्याच्या पेलण्यातलं. पाच मिनिटांत पट्टी हाताला चहाच्या कपासारखी लागली. वर सुती कापडाची घडी गुंडाळून लेन्सच्या तोंडाशी बांधली. सोल्डरचा डाग लावताना एक जोड निसटला, तो धरून दीड तास गेला.

१० डिसेंबर

आजचा दिवस वाया गेला आणि ट्रायपॉडचा पाय मोडला.

झालं असं. चंद्राकडे पाठ करून भिंतीच्या सावलीत बसायचं, हे सगळीकडे सांगतात. पण मिथुनेच्या मुख्य रात्री, १३ तारखेला, चंद्र कृत्तिकांपाशी असणार. कृत्तिका आमच्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातात. रात्री पावणेअकराच्या सुमारास चंद्र माथ्यावर, ८० अंशांहून उंच. त्याला पाठ कुठली आणि सावली कुठली? मांगराची भिंत आठ फूट, तिची सावली पायाशी वीतभर पडेल. थंड देशांतली डिसेंबरची युक्ती इथे मध्यरात्री चालत नाही.

म्हणून फवारणीची ताडपत्री दोन बांबूंना बांधून आडोसा केला, फक्त ईशान्येचं आभाळ उघडं. संध्याकाळी खारा वारा पडला तोवर छान उभी होती. साडेनऊला डोंगराकडून मतलई वारा सुटला, ताडपत्री शिडासारखी भरली आणि एक बांबू थेट ट्रायपॉडवर. कॅमेरा पिशवीत होता म्हणून वाचला. कातळावर खड्डा खणता येत नाही, बांबू नुसते दगडांनी रचले होते, ते वाऱ्यात टिकणार नव्हतेच.

घरी अण्णा (सासरे) जागे होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “चंद्र माथ्यावर आसा तवसर निज, मगे जा.” आणि आपली काळी छत्री काढून दिली.

११ डिसेंबर

छत्रीने काम केलं. खुर्चीच्या पाठीला दांडा दोरीने घट्ट आवळला, छत्री तिरकी करून चंद्र तेवढा झाकला. ताडपत्रीसारखी वाऱ्यात भरत नाही, आणि चंद्र सरकला की खुर्चीसकट सरकायचं. फक्त अण्णांची छत्री जुनी. कापडाला सुईएवढी भोकं, आणि एकेका भोकातून चंद्र शुक्राच्या चांदणीसारखा टोचत होता. डोळा सारखा तिकडे जायचा. नवी आणली, ३८० रुपये, आणि आतून काळ्या कापडाचा दुसरा थर टाचला.

पायात गमबूट घेतले, ४५० रुपये. सड्यावर फुरशी (विषारी साप) आहेत. तांबूस कातळावर फुरसं पांढऱ्या उजेडातही पटकन दिसत नाही, लाल उजेडात तर नाहीच. म्हणून चालताना पांढरी बॅटरी, खुर्चीवर बसलं की लाल जिलेटीन कागद लावलेली. पांढऱ्या बॅटरीनंतर डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत, पाय महत्त्वाचा.

मोजणीसाठी चिंचोके. उजव्या खिशात चिंचोके, डाव्यात बारीक खडे. मिथुनेतली उल्का दिसली की मांडीवरच्या वाटीत चिंचोका, इतर कुठली दिसली की खडा. दर पंधरा मिनिटांनी वाटी बदलायची. बघावं लागत नाही, लिहावं लागत नाही. मोबाईल पिशवीत उलटा ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करत सोडायचा आणि उल्का दिसली की तिची प्रत मोठ्याने बोलायची : ‘दोन’, ‘शून्य’, ‘तीन’.

१२–१३ डिसेंबरची रात्र

वर्षावाचा जोर १४ च्या पहाटे. तरी एक दिवस आधी गेलो, कारण पंचांग बघताना एक फट सापडली होती : १३ ला चंद्र पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि पहाटेचा उजेड फुटायला पाच-चाळीस होतात. पाऊण तासाहून जास्त निखळ काळोख.

४:५० ते ५:४०, आभाळ ६.०, माझे चिंचोके १७. पुतण्याचे १३, पण मध्ये तो दहा मिनिटं झोपला होता, तेवढी त्याच्या वेळेतून वजा केली. बहुतेक उल्का मंद, तीन-चार प्रतीच्या. यातल्या निम्म्याहून जास्त चंद्र असता तर दिसल्या नसत्या.

चंद्र मोठा असताना मुख्य रात्रीच्या आधीच्या एक-दोन पहाटा बघा, हे मी आता कुणालाही सांगेन. वर्षाव अर्ध्याहून कमी जोरात असतो, पण काळोख तो हिशेब भरून काढतो. पौर्णिमेच्या आधीचा चंद्र पहाटे मावळतो म्हणून हे जमतं. नंतरचा असेल तर संध्याकाळ बघावी लागते, आणि तेव्हा उल्कांचं उगमस्थान, म्हणजे आभाळातल्या ज्या जागेतून त्या फुटल्यासारख्या दिसतात ती जागा, बहुतेक खाली असतं.

१३–१४ डिसेंबरची रात्र

हीच ती. सविस्तर लिहिते.

संध्याकाळी चंद्र कृत्तिकांना खेटून उगवला, कृत्तिका त्याच्या उजेडात दिसतच नव्हत्या. जेवून निजलो. अण्णांचं ऐकलं. साडेबाराला उठून वर गेलो.

१:०० ते २:००. चंद्र अजून साठ अंशांच्या वर. दोघं आपापल्या छत्रीखाली. सगळा सडा दुधात बुडवल्यासारखा, वाळलेलं गवत पांढरं. छत्री चंद्र झाकते, पण गवताचा उजेड खालून येतोच. आभाळ ३.६. कर्केतला पुष्याचा ३.९ प्रतीचा तारा शोधून शोधून दिसला नाही. चिंचोके सात. सातही ठळक, मंद एकही नाही. मिथुनेतल्या उल्कांचं उगमस्थान पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, आणि ते तारे अडीचच्या सुमारास आमच्या माथ्याजवळ येतात, म्हणजे उगमस्थान उत्तम होतं. अडवत होतं ते फक्त चांदणं.

दोननंतर चंद्र पश्चिमेला कलायला लागला तसं मांगराच्या पूर्वेच्या भिंतीशी सावलीचा पट्टा रुंदावत गेला. छत्र्या मिटल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या. समोर थोड्या अंतरावर कातळशिल्प आहे, माशाची आकृती. दिवसा त्यावरून चालत गेलं तरी कळत नाही, इतक्या रेघा झिजल्या आहेत. आज तिरप्या चांदण्यात ती रेघ न् रेघ उठून आली. माशाच्या पाठीचा बाक, शेपटीची फाक, मध्ये एक आडवी खूण जी मी याआधी कधी पाहिलीच नव्हती. मी किती वेळ बघत बसले ते रेकॉर्डिंगवरून कळलं, अकरा मिनिटं. तीही मोजणीतून वजा. कोकणातली अशी काही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर जाणाऱ्यांना विनंती, ट्रायपॉड ठेवण्याआधी पायाखालचा कातळ बघून घ्या.

२:५० ला शेजारच्या बागेचा राखणदार आला आणि सरळ तोंडावर बॅटरी मारली. त्याचंही बरोबर, रात्री तीनला भिंतीला टेकून दोन माणसं गप्प बसलेली दिसल्यावर तो दुसरं काय करणार! चहा दिला, समजावलं. पण डोळे गेले ते गेले. सव्वातीनपर्यंत नुसतं बसून राहिलो. आजूबाजूच्या बागांत आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, ही गोष्ट यादीत सगळ्यात वर हवी होती.

३:१५ ते ४:१५. पूर्ण सावलीत. चंद्र पाठीमागे भिंतीआड, नजर ईशान्येला पन्नासेक अंशांवर. उगमस्थानाकडे थेट बघायचं नाही, तिथल्या उल्का आखूड असतात. आभाळ ४.२. चिंचोके १५, खडे दोन. ३:४२ ला एक मिथुनेतली सप्तर्षींच्या बाजूने खाली गेली, पिवळट, गुरूएवढी तेजस्वी, आणि शेवटाला दोन वेळा फुलली. या उल्का सिंहेतल्यांच्या निम्म्या वेगाने येतात, सेकंदाला ३५ किलोमीटर, त्यामुळे ती जाताना दिसली, गेल्यावर नाही. यांचा उगम धूमकेतू नव्हे, फेथन नावाचा लघुग्रह, १९८३ मध्ये सापडलेला. पुतण्या काही बोलला नाही, ठरल्याप्रमाणे. वाटीत चिंचोका पडल्याचा आवाज तेवढा आला.

४:२० ला तो एकदम म्हणाला, “काकी, अरुंधती दिसता!” तासाभरापूर्वी वसिष्ठ एकटाच होता. अरुंधती ४.० प्रतीची. आभाळ खालच्या बाजूलाही उघडतंय याची ती खूण. मधल्या पंधरा मिनिटांत आम्ही दोघांनी तारे पुन्हा मोजले.

४:३० ते ५:३०. चंद्र सोळा अंशांवरून क्षितिजाशी. आकाशाचा निळा रंग हळूहळू काळा होत गेला. समुद्रावर आज होड्यांचे दिवे मोजके. मोठ्या चंद्रात मासा दिव्याला येत नाही म्हणून दिवेवाल्या होड्या कमी असतात, असं इथले मासेवाले सांगतात. २९ नोव्हेंबरला जो पश्चिमेचा पट्टा नडत होता तो आज नव्हता. या तासाची सरासरी ४.९. चिंचोके २३.

तीन तास, सात-पंधरा-तेवीस. आकाशात त्या तीन तासांत वर्षाव फारसा बदललेला नव्हता, उगमस्थान तर शेवटच्या तासात खाली उतरलेलं. बदलला तो फक्त चंद्र. मध्यरात्री तासभर बसून ‘काही नाही’ म्हणत घरी गेलो असतो तर सातच घेऊन गेलो असतो.

१४–१५ डिसेंबरची रात्र

दत्तजयंती. देवळाचे हॅलोजन आणि ध्वनिक्षेपक आवाठभर, सड्यावर मात्र शांत. पूर्ण चंद्र गुरूशेजारी, उजाडेपर्यंत मावळणारच नव्हता. ३:३० ते ४:३० सावलीत बसले, एकटीच. चार. पण चारातल्या दोन शून्य प्रतीहून तेजस्वी. या वर्षावात बारीक कण आधी येतात, मोठे मागून, त्यामुळे जोर ओसरल्यावरही ठळक उल्का राहतात. चांदण्यात कामाच्या त्याच. दुसरीच्या वेळी मी हात जोडले, सवयीने.

१७ डिसेंबर

फोटो चाळले. १४ च्या पहाटे तीन तासांचे साडेतेराशे, त्यात उल्का चार. दोन रात्री बसून दर फोटो पाहिला. तीन आधी मिळाल्या, चौथी आज दुसऱ्यांदा बघताना कोपऱ्यात. सात ‘उल्का’ सलग दोन-तीन फोटोंत दिसल्या, म्हणजे उपग्रह किंवा विमान. उल्का एकाच फोटोत असते. ३:४२ ची ती मोठी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली. दव कुठेच नाही, पट्टीने काम चोख केलं. कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, आवाजाशी जुळवताना ते कळलं. आधीच लावून घ्या.

डोळ्यांनी ४५, कॅमेऱ्याने चार. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी त्यापायी थांबू नये.

मोजणीचा हिशेबही केला. आभाळ पूर्ण काळोखं आणि उगमस्थान थेट माथ्यावर असतं तर प्रत्येक तासाला किती दिसल्या असत्या ते काढलं, तर अनुक्रमे १२१, १४७, १३२ येतात. यंदाच्या वर्षावाचा अंदाज १५० चा होता. आकडे जवळ आले म्हणून मला आनंद झाला, पण पहिल्या तासाला गुणक सोळाचा आहे. आभाळाचा अंदाज ०.३ ने चुकला तर उत्तर तिसऱ्या हिश्श्याने हलतं. शेवटचा तास तेवढा मी भरवशाचा धरते. नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अर्जात भरून पाठवल्या, तिन्ही तास वेगवेगळे, दोघांचे वेगवेगळे.

खर्च : छत्री ३८०, गमबूट ४५०, रेझिस्टर २०, वायर-कापड ६०, ट्रायपॉडचा पाय ३००, ठरावीक अंतराने फोटो काढणारं रिमोट ९००. एकूण २,११०. रिमोट सोडलं तर बाराशेच्या आसपास. छत्री आणि गमबूट एवढंच घेतलं तरी मोजणी होते.

२२ डिसेंबर

पुढे २०२७ मध्ये १३ डिसेंबरलाच पौर्णिमा आहे, म्हणजे मिथुनेच्या मुख्य रात्री पुन्हा पूर्ण चंद्र, आणि तो सूर्योदयापर्यंत मावळणार नाही. तेव्हा सावली हाच आधार.

१४ च्या पहाटे मांगराच्या पूर्वेला सावलीची कड जिथे पडली तिथे मी दर तासाला चुन्याची रेघ मारली होती. आज टेपने मोजली. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल, म्हणून इथे लिहून ठेवते. भिंत आठ फूट. भिंतीपासून सावली रात्री एकला चार फूट, दोनला साडेसहा, तीनला दहा, चारला साडेसतरा. आरामखुर्चीत पाय पसरून बसायला मला सात फूट लागतात.